पाहुण्या संघाचा वाटा

18 मे 2019 रोजी वेम्बलीवर मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला 6-0 असं हरवून एफए कप, म्हणजे इंग्लिश क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला. कपाचा अंतिम सामना एवढ्या फरकाने जिंकणारा क्लब त्याआधी एकच झाला होता, तो म्हणजे मँचेस्टरजवळच्या बरी गावाचा क्लब, बरी. 1903 साली बरीने डर्बी काउंटीला 6-0 ने लोळवलं होतं, आणि त्या वर्षीच्या कपाच्या सामन्यांत त्यांच्यावर एकही गोल झाला नव्हता. 116 वर्षं हा विक्रम बरीच्या एकट्याच्या नावावर राहिला. सिटीने त्याची बरोबरी केली आणि त्यानंतर 101 दिवसांनी, 27 ऑगस्टच्या रात्री, प्रीमियर लीगच्या खालच्या तीन श्रेणी चालवणाऱ्या इंग्लिश फुटबॉल लीगने बरीची हकालपट्टी केली. 1894 पासून लीगमध्ये असलेला क्लब एका पत्रकाने नाहीसा झाला.

बरीचं मैदान गिग लेन आणि सिटीचं मैदान यांच्यात जेमतेम दहा मैल अंतर असेल. बरीचा अख्खा क्लब आदल्या डिसेंबरमध्ये 1 पौंडाला विकला गेला होता. नव्या मालकाने पुढे सांगूनही टाकलं की, बरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेच आपल्याला आधी माहीत नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये शेजारच्या मँचेस्टर युनायटेडने एका बचावपटूसाठी 8 कोटी पौंड मोजले. आणि बरीचे खेळाडू? त्यांनी आधीच्या हंगामात पगार थकलेले असतानाही खेळून क्लबला वरच्या श्रेणीत नेलं होतं.

त्या मंगळवारी गिग लेनवर जे घडलं ते मला विसरता येत नाही. क्लब विकत घ्यायला एक कंपनी पुढे आली होती, संध्याकाळी पाचची मुदत होती, आणि शनिवारी सामना होईल या आशेवर शेकडो माणसं मैदान साफ करायला जमली होती. झाडू, बादल्या, फडकी घेऊन लोक खुर्च्या पुसत होते. काही त्या खुर्च्यांवर वर्षानुवर्षं बसलेले, काही पहिल्यांदाच आलेले. दुपारीच बातमी आली की कंपनीने हात वर केले. रात्री उशिरा लीगचा निर्णय आला. पुसून लख्ख केलेल्या त्या खुर्च्यांवर नंतर अनेक हंगाम कुणी बसलं नाही.

अशा प्रत्येक वेळी एक ठरलेलं स्पष्टीकरण पुढे येतं: मालक वाईट निघाला. बरीच्या बाबतीत ते खोटंही नाही. आधीच्या मालकाने ऐपतीपलीकडचे पगार दिले, मैदान गहाण पडलं, आणि नव्या मालकाकडे क्लब चालवण्याइतका पैसा आहे का हे लीगने विक्री होण्याआधी तपासलंच नाही. पण वाईट मालक हे कारण एका क्लबला पुरतं. त्याच आठवड्यात बोल्टन वाँडरर्स, 1888 मध्ये लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक, अगदी शेवटच्या क्षणी वाचला. पुढच्या वर्षी विगन ॲथलेटिक मालकी बदलल्यानंतर काही आठवड्यांत दिवाळखोर होऊन प्रशासकाच्या हाती गेला. त्याची शिक्षा म्हणून 12 गुण कापले नसते तर तो गुणतालिकेत 13 वा आला असता. कापले म्हणून खाली घसरला. त्याच सप्टेंबरमध्ये मॅकल्सफील्ड टाउनला न्यायालयाने गुंडाळलं. त्याची देणी पाच लाख पौंडांच्या थोडी वर होती. प्रीमियर लीगच्या चांगल्या खेळाडूचा काही आठवड्यांचा पगार तेवढा असतो. 2021 मध्ये डर्बीचे मिळून 21 गुण कापले गेले. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये 1867 साली स्थापन झालेला शेफील्ड वेन्सडे प्रशासकाकडे गेला, आणि मालकावर बहिष्कार टाकून बसलेले पाठीराखे त्याच दिवशी क्लबच्या दुकानासमोर रांगा लावून उभे राहिले.

एवढे सगळे मालक योगायोगाने वाईट निघाले असं मला पटत नाही. एकाच वळणावर गाड्या पुन्हा पुन्हा दरीत जाऊ लागल्या की चालकांना दोष देऊन भागत नाही, तो रस्ता कुणी बांधला हे विचारावं लागतं.

फुटबॉलच्या सामन्याचं एक साधं सत्य आहे: तो एका संघाला खेळता येत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही तसंच हे. साबण विकणाऱ्या कंपनीला दुसरी साबणाची कंपनी नसली तर बरंच होईल. फुटबॉल क्लबला समोर कुणी नसेल तर त्याच्याकडे विकायला काहीच उरत नाही. तिकीट काढणारा माणूस आपल्या संघाला बघायला येतो हे खरं, पण त्याला जे दिसतं ते दोघांनी मिळून घडवलेलं असतं. मग तिकिटाचा गल्ला एकट्याचा कसा?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न कुणाला पडला नव्हता असं नाही. लीगने त्याचं उत्तर फार पूर्वी दिलं होतं. पाहुण्या संघाला यजमानाच्या गेटच्या, म्हणजे तिकिटविक्रीच्या, उत्पन्नातला वाटा मिळायचा. लहान गावातला संघ मोठ्या शहरात खेळायला गेला की परतताना त्याच्या गाठीला चार पैसे असायचे. 1960 च्या दशकात टीव्हीचा पैसा आला तेव्हा तो चारही श्रेणींतल्या सगळ्या 92 क्लबांत सारखा वाटला गेला. पहिल्या क्रमांकाला जेवढं, तेवढंच 92 व्या क्रमांकाला. मालकांनाही मर्यादा होती. फुटबॉल असोसिएशनच्या नियमाने लाभांशावर बंधन होतं, म्हणजे क्लब हा पैसे काढून घ्यायचा धंदा नव्हे असं लिहूनच ठेवलेलं होतं.

हे सगळं अवघ्या दहा वर्षांत मोडलं. 1983 मध्ये मोठ्या क्लबांनी गेटचा गल्ला वाटून घेणं बंद पाडलं. त्याच वर्षी टॉटेनहॅमने क्लबच्या वर एक कंपनी उभी करून लाभांशाच्या नियमाला वळसा घातला. 1985 च्या शेवटी ठरलं की टीव्हीच्या पैशातला निम्मा पहिल्या श्रेणीला द्यायचा. 1988 मध्ये तो वाटा 75 टक्क्यांवर गेला. दर वेळी एकच धमकी होती: नाही दिलंत तर आम्ही बाहेर पडतो. दर वेळी धमकी चालली, आणि 1992 मध्ये ते बाहेर पडलेच. प्रीमियर लीग जन्माला आली ती शंभर टक्के स्वतःकडे ठेवण्यासाठी. मैदानावर अधिक चांगला फुटबॉल दिसावा म्हणून हा खटाटोप झाला असं आज सांगितलं जातं. त्या दशकातल्या प्रत्येक बैठकीत वाद झाला तो मात्र वाटणीवर.

आज ही वाटणी कुठे पोहोचली आहे ते आकड्यांनी पाहू. इंग्लंडमधल्या प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी प्रीमियर लीगला 2025 पासूनच्या चार वर्षांचे 670 कोटी पौंड मिळतात. खालच्या तीन श्रेणींच्या 72 क्लबांना 2024 पासूनच्या पाच वर्षांचे 93 कोटी 50 लाख. नुसता भागाकार केला तरी वरच्या एका क्लबमागे वर्षाला 8 कोटींच्या वर आणि खालच्या एका क्लबमागे 26 लाख येतात. यात परदेशी हक्कांचा पैसा धरलेलाच नाही, आणि तो आता देशातल्या पैशाहून कमी नाही. प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात शेवटी येणारा क्लबही हंगामाअखेर 10 कोटी पौंडांहून जास्त घेऊन खाली उतरतो.

आता गंमत अशी की प्रीमियर लीगला वाटून घेणं कळत नाही असं मुळीच नाही. तिच्या स्वतःच्या वीस घरांत ती फार समंजसपणे वाटते. देशातल्या टीव्हीच्या पैशातला निम्मा भाग वीस जणांत समान, पाव भाग क्रमांकाप्रमाणे, पाव भाग टीव्हीवर किती सामने दाखवले त्याप्रमाणे. त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या क्लबच्या टीव्हीच्या रकमेत दुपटीचाही फरक पडत नाही. समोरचा संघ तगडा असल्याशिवाय आपला सामना कुणी बघणार नाही हे तिथल्या प्रत्येक मालकाला कळतं. हे शहाणपण विसाव्या दाराशी थांबतं, आणि 21 व्या दाराबाहेर एकदम बाजाराचा कायदा सुरू होतो. माझी तक्रार ही आहे.

या दाराच्या तोंडाशी एक विचित्र गोष्ट करून ठेवली आहे. प्रीमियर लीगमधून खाली घसरणाऱ्या क्लबला तीन वर्षांपर्यंत हवाई छत्री मिळते. तिला पॅराशूटचे पैसेच म्हणतात. वरच्या क्लबांच्या समान वाट्याच्या 55 टक्के पहिल्या वर्षी, 45 टक्के दुसऱ्या, 20 टक्के तिसऱ्या. पहिल्या वर्षीच ही रक्कम 4 कोटी पौंडांच्या पुढे जाते. पडणाऱ्याचं कंबरडं मोडू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याच श्रेणीत शेजारी खेळणाऱ्या, कधीच वर न गेलेल्या क्लबच्या मालकाने काय करायचं? समोरच्याच्या हातात आयती थैली आहे. बरोबरी करायची तर खिशातून घाला, कर्ज काढा, मैदान विका. डर्बीच्या मालकाने 2018 मध्ये क्लबचं स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला 8 कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकलं, हिशेब जुळवण्यासाठी. दुसऱ्या श्रेणीतले क्लब मिळून जेवढं कमावतात त्याहून जास्त पगारावर उधळतात असे हंगाम एकामागून एक गेले. 2019-20 मध्ये हे प्रमाण 120 टक्क्यांवर होतं. ऋण काढून सण करणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण वरच्या पायरीवर 10 कोटी आणि खालच्या पायरीवर त्याचा लहानसा भाग ठेवल्यावर माणसं जुगार खेळणारच. तो फड वरच्यांनी मांडलेला आहे.

वाटून दिलं तरी खालचे क्लब तो पैसा खेळाडूंच्या पगारावरच उडवतील, असा एक आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. नुसते पैसे ओतले आणि पायऱ्यांमधली दरी तशीच राहिली तर जुगाराची बोली तेवढी वाढेल. म्हणून आधी पॅराशूटची रक्कम टप्प्याटप्प्याने कमी करून ती सगळ्यांच्या हंड्यात घातली पाहिजे आणि पगाराला उत्पन्नाशी बांधलं पाहिजे. खालच्या लीगने स्वतःकडेही बघावं. तिच्या 72 क्लबांच्या वाटणीत 80 टक्के दुसऱ्या श्रेणीला जातात, 12 तिसऱ्या आणि जेमतेम 8 टक्के चौथ्या. वरच्यांकडे न्याय मागणाऱ्यांनी आपल्या घरात तोच अन्याय छोट्या प्रमाणात चालू ठेवला आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. बाजारात दुबळं दुकान बंद पडतं, क्लबही पडला तर पडला, असं म्हणणारे लोक आहेत. दुकान बंद पडलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. बरीचा माणूस बरी बंद पडल्यावर दहा मैलांवरच्या मँचेस्टर सिटीचा पाठीराखा झाला नाही. तो शनिवारी दुपारी घरी बसला. आणि बाजाराचाच दाखला द्यायचा असेल तर अमेरिकेकडे पाहावं. तिथल्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये देशभरच्या टीव्हीचा पैसा 32 संघांत समान वाटला जातो, आणि शेवटच्या क्रमांकावरच्या संघाला नवे खेळाडू निवडताना पहिला नंबर मिळतो. मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनलच्या मागे असलेल्या अमेरिकन घराण्यांचे एनएफएलमध्येही संघ आहेत. समान वाटणीचा नियम तिथे ते वर्षानुवर्षं पाळतात आणि त्यावर श्रीमंतही होतात.

क्लब बुडतो तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं हे नीट पाहायला हवं. फुटबॉलमध्ये असा नियम आहे की क्लब प्रशासकाकडे गेला तर दुसऱ्या क्लबांची आणि खेळाडूंची देणी आधी पूर्ण फेडायची. बाकीच्यांना उरलंसुरलं, पौंडामागे काही पेन्स. सरकारच्या करखात्याने हा नियम न्यायालयात नेला आणि 2012 मध्ये ते हरलं. 2010 साली पोर्ट्समथ बुडाला, दोनच वर्षांपूर्वी एफए कप जिंकलेला क्लब. त्याच्या धनकोंच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं नाव होतं. सामन्याच्या वेळी कुणी चक्कर येऊन पडलं तर धावून जाणारे हे स्वयंसेवक. त्यांचे सुमारे 2700 पौंड थकले होते. लाखोंचे पगार घेणाऱ्या खेळाडूंचं देणं नियमाने सुरक्षित, आणि मलमपट्टी करणाऱ्यांचं देणं बेवारस. लहान क्लब बुडतो तेव्हा ही यादी गावातल्या माणसांची असते, आणि तिथे त्यांना वाचवणारा कुणी नसतो.

एवढं सगळं सोसून लहान क्लब देतात काय, असं कुणी विचारेल. ते खेळाडू देतात. 2012 पासून लागू झालेल्या युवा-प्रशिक्षणाच्या योजनेने लहान मुलगा मोठ्या क्लबकडे गेल्यास द्यायची भरपाई ठरावीक कोष्टकात बसवली. दक्षिण इंग्लंडमधल्या वायकम वाँडरर्सने त्याच वर्षी आपली अकादमी बंद केली. ब्रेंटफर्डने 2016 मध्ये केली, त्यांची दोन गुणी मुलं मँचेस्टरच्या दोन क्लबांनी प्रत्येकी सुमारे 30 हजार पौंडांत उचलल्यानंतर. आठ-दहा वर्षं एखाद्या मुलाला घडवायचं आणि तो फळाला आला की एवढ्यावर सोडून द्यायचा. शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावात माल उचलून शहरात दामदुपटीने विकणाऱ्या व्यापाऱ्यासारखाच हा व्यवहार आहे.

वाटणीने क्लब वाचतो का? याचा मला ठाऊक असलेला सगळ्यात स्वच्छ पुरावा म्हणजे एक्सेटर सिटी. 2003 मध्ये हा क्लब लीगमधून बाहेर फेकला गेला होता, कर्जात बुडाला होता आणि पाठीराख्यांच्या ट्रस्टने तो ताब्यात घेतला होता. जानेवारी 2005 मध्ये एफए कपाच्या तिसऱ्या फेरीत त्यांची गाठ मँचेस्टर युनायटेडशी, त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर पडली. पाचव्या पायरीवरच्या एक्सेटरने 67 हजार प्रेक्षकांसमोर 0-0 अशी बरोबरी साधली. लीगमध्ये मोडीत निघालेली गेट वाटून घेण्याची रीत एफए कपाच्या सामन्यांत अजून जिवंत होती. त्या दिवशीच्या गल्ल्याचा वाटा आणि मग एक्सेटरमध्ये झालेल्या पुनर्सामन्याचे पैसे यांनी क्लबचं कर्ज उतरवलं. पुनर्सामना रोनाल्डो आणि रूनीच्या गोलांनी ते हरले, पण क्लब आजही पाठीराख्यांच्या मालकीचा आहे, आणि त्याच्याच अकादमीत घडलेला ओली वॉटकिन्स पुढे इंग्लंडसाठी खेळला.

2024-25 च्या हंगामापासून एफए कपाच्या पहिल्या फेरीपासूनचे पुनर्सामने रद्द झाले. मोठ्या क्लबांचं वेळापत्रक भरगच्च आहे म्हणून. एक्सेटरला तारणारी ती वाट आता बंद आहे.

मोठ्यांकडे द्यायला पैसा नाही हे म्हणणं टिकत नाही, कारण त्यांनी स्वतःच एकदा तो देऊ केला होता. ऑक्टोबर 2020 मध्ये, करोनामुळे मैदानं ओस पडलेली असताना, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या पुढाकाराने एक योजना पुढे आली: खालच्या लीगला टीव्हीच्या पैशातला 25 टक्के वाटा आणि तातडीचे 25 कोटी पौंड. बदल्यात मोजक्या मोठ्या क्लबांच्या हातात निर्णयाचे अधिकार. योजना बारगळली, बारगळली ते बरंच झालं. पण त्यातून एक गोष्ट कायमची कळली. 25 टक्के देणं शक्य आहे. अडलं होतं ते सत्तेच्या किमतीपाशी. सहाच महिन्यांनी इंग्लंडचे सहा क्लब मोजक्या बड्या क्लबांच्या वेगळ्या युरोपियन सुपर लीगकडे निघाले आणि त्यांच्याच पाठीराख्यांनी रस्त्यावर येऊन त्यांना दोन दिवसांत मागे फिरवलं.

त्या संतापातून चौकशी बसली, आणि अखेर 21 जुलै 2025 रोजी इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. आता वरच्या पाच पायऱ्यांवरच्या 116 क्लबांना स्वतंत्र नियामकाकडून परवाना घ्यावा लागणार आहे. नव्या मालकाचा पैसा कुठून येतो हे तपासलं जाईल, मैदान गुपचूप विकता येणार नाही, फुटून निघणाऱ्या लीगमध्ये जाता येणार नाही. हे सगळं बरीसाठी सहा वर्षं उशिरा आलं, तरी मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण परवाना आणि तपासणी यांनी फार तर वाईट मालक अडेल. दरी तशीच राहिली तर चांगला मालकही उद्या त्याच कडेला येऊन उभा राहील, आणि नियामकाचं काम पंचनाम्यापुरतं उरेल.

या कायद्यात एक कलम असं आहे ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते. दोन लीगांमध्ये पैशाच्या वाटणीवर एकमत झालं नाही तर शेवटचा उपाय म्हणून नियामकाला मध्ये पडून निवाडा करता येतो, आणि त्यात पॅराशूटचे पैसेही धरता येतात. प्रीमियर लीगने या कलमाला कडाडून विरोध केला होता. कुठे दुखतं ते त्यावरून समजतं. सहा वर्षांत 90 कोटी पौंड देण्याची बोलणी मार्च 2024 मध्ये वरच्या क्लबांनीच गुंडाळली, तेव्हा एकमत आपोआप होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. नियामकाने हे कलम कपाटात ठेवू नये. 25 टक्क्यांची मागणी खालच्या लीगने केलेली आहे, वरच्या दोन बड्या क्लबांनी तो आकडा एकदा स्वतः कागदावर मांडलेला आहे. बोलणी तिथून सुरू व्हावीत. आणि टीव्हीच्या पैशाबरोबर गेटच्या गल्ल्यातला पाहुण्याचा वाटाही लीगमध्ये परत यावा. रक्कम मोठी नसेल, पण सामना दोघांचा असतो हे त्या वाट्यामुळे दर शनिवारी मान्य होत राहील.

बरी परत उभी राहिली आहे. पाठीराख्यांनी सरकारी मदत आणि स्वतःच्या वर्गण्या जमवून 2022 मध्ये गिग लेन सोडवून घेतलं, आणि 2023 मध्ये नवव्या पायरीवर बरी नावाने पुन्हा सामने सुरू झाले. अशा खालच्या पायऱ्यांवर बहुतेक क्लबांना दोन-तीनशे प्रेक्षक मिळाले तरी पुष्कळ असतात. गिग लेनवर हजारो लोक येतात. म्हणजे तिथे आता बरी हाच मोठा क्लब आहे, आणि समोर येणारा लहान गावातला संघ एवढ्या गर्दीपुढे खेळून रिकाम्या हातांनी परततो, कारण नियमाप्रमाणे गल्ला यजमानाचा. तो वाटून देण्याची सक्ती बरीवर कुणी केलेली नाही. तरी त्यांनी तो द्यावा, कुणी सांगायच्या आधी, दर सामन्याला दहा टक्के का होईना. पाहुण्यांच्या बसचं भाडं तरी त्यातून सुटेल.